मेणाचे हात आणि टचपॅड

तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखात एकेकाळी मोडणारे, कुंभकोणमनजीकचे स्वामीमलै हे गाव म्हणजे स्थपतींचे, अर्थात धातूच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांचे गाव. मेण व राळ यांच्या मिश्रणातून प्रथम मूर्ती घडवावी, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती लिंपावी आणि मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओतावा, ही तेथील परंपरागत रीत. अशा कारखान्यात हिशेबाच्या दप्तराची जागा लॅपटॉपने घेतली, तर त्याच्या टचपॅडवर मेण, माती आणि घाम यांचा थर साचणारच. आणि टचपॅड बोटाचा दाब नव्हे, तर बोटामुळे विद्युत्क्षेत्रात होणारा सूक्ष्म बदल टिपत असल्याने, पडद्यावरील बाण मनमानी करू लागतो.

हा थर काढण्यासाठी प्रथम यंत्र पूर्ण बंद करून विजेची तार काढावी. कोरड्या, मऊ कापडाने धूळ आधी टिपून घ्यावी, कारण मातीचे कण तसेच घासले तर ओरखडे उठतात. नंतर कापडाचा कोपरा पाण्याने जेमतेम दमट करून हलक्या हाताने फिरवावा. तेलकट डागासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्यावे. यंत्रावर शिंपडल्यास ते कडेच्या फटीतून आत उतरते. अ‍ॅसिटोन सर्वथा वर्ज्य.

मेणाची गोष्ट निराळी. ते अल्कोहोलला सहजी दाद देत नाही, आणि सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते म्हणून गरम हवेचा झोत सोडण्याचा मोह होतो; परंतु साच्यास जे हितकर, ते येथे घातक. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाची कड आडवी धरून थर हळूच उचलावा, आणि पृष्ठभाग पूर्ण सुकल्यावरच यंत्र सुरू करावे.