फडफडणाऱ्या हातांचे सांगणे
(जागतिक स्वमग्नता जागृती दिनानिमित्त २ एप्रिल रोजी झालेल्या पालक मेळाव्यात रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, जमाखर्चात आयुष्य गेलेला माणूस. तरीही आज उभा आहे, तो माझीच एक चूक आपणांसमोर मांडण्यासाठी.

काही वर्षांपूर्वी बाह्यरुग्ण विभागात एक माउली मुलाला घेऊन बसली होती. मुलगा सतत हात फडफडवीत पुढेमागे झुलत होता. लोकांची कुजबुज ऐकून मी तिला म्हणालो, "ताई, त्याचे हात जरा धरून ठेवा." तिने धरले. क्षणार्धात मुलगा किंचाळून भिंतीवर डोके आपटू लागला. तपासणी न होताच ती माउली खाली मान घालून परत गेली.

पुढे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला समजावून सांगितले. स्वमग्न व्यक्तीस आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जाणीव अतितीव्र किंवा अतिमंद असू शकते. कोलाहल असह्य झाला की अशी लयबद्ध हालचाल मनास आधार देते. आनंदाच्या भरातही हात फडफडतात. ताळेबंद जुळेनासा झाला की मी टेबलावर बोटे वाजवितो. मला मात्र कोणी हटकत नाही!

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही अशा हालचालींची नोंद आहे. त्या बंद पाडणे हेच पुढे दीर्घकाळ उपचाराचे उद्दिष्ट मानले गेले. अलीकडे स्वमग्न प्रौढ स्वतः बोलू लागले आहेत. या हालचालींनी आपणांस शांत वाटते, त्या दडपताना जीव थकतो, असे ते सांगतात.

मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. मूल स्वतःस चावत असेल, डोके आपटत असेल किंवा अचानक कानावर मारू लागले असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. बोलू न शकणाऱ्या मुलाची दाढदुखी वा कानदुखी कधी कधी अशीच प्रकट होते.

माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतची कुटुंबे आपल्याकडे येतात. त्यांतील कित्येकांनी आधी 'बाहेरची बाधा' म्हणून उतारे केलेले असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. परंतु प्रमाणपत्राने लोकांच्या नजरा बदलत नाहीत. तो बदल आपल्यालाच करावयाचा आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रतीक्षालयाच्या टोकाची एक खोली मंद प्रकाशाची व शांत ठेवली. अशा मुलांना प्रथम क्रमांक देतो. शिपायापासून परिचारिकांपर्यंत सर्वांना एकच सूचना आहे : हात धरू नका, आधी कारण शोधा. यासाठी खर्च फारसा आला नाही. देणगीदारांनी आपल्या दुकानांत, कार्यालयांत, मंगल कार्यालयांत एवढेच करावे, ही विनंती.

ती माउली पुन्हा आली नाही. माझ्या खातेवहीत ते देणे अद्याप बाकी आहे. दुसरी कोणी माउली तशी परत जाऊ नये, एवढीच त्याची फेड.