बदकांच्या चित्रांत दडलेली चार अक्षरं

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

गणपतीच्या मांडवात बदकांवर बोलायचंय म्हटल्यावर कार्यकारिणीतल्या काकांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि "पंधरा मिनिटं, जास्त नाही" एवढंच म्हणाले. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आम्ही दोघे भाऊ इथेच, इंदुरात वाढलो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'डकटेल्स' हिंदीत लागायचं. घरातल्या आंघोळी त्यानंतर. नाण्यांच्या ढिगात सूर मारणारा तो स्क्रूज मॅकडक मूळचा टीव्हीचा नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कार्ल बार्क्स यांनी १९४७ मध्ये त्याला कॉमिकमध्ये आणलं. तेव्हा चित्रकाराचं नाव छापत नसत. वाचक त्यांना नुसतं 'तो चांगला बदकवाला' म्हणत.

त्या बार्क्सचे एकलव्य म्हणजे डॉन रोझा. अमेरिकेतल्या केंटकीचे, शिक्षणाने स्थापत्य अभियंता. १९८७ मध्ये त्यांची पहिली बदककथा आली. कथेच्या पहिल्या चित्रात ते डी, यू, सी, के ही चार अक्षरं घालत. जोडून वाचली तर 'डक', सुटी वाचली तर 'लाडक्या कार्लकाकांना केनोकडून अर्पण'. केनो हे रोझांचं खरं पहिलं नाव. डिस्नेवाल्यांना ही सही वाटली आणि सहीला तर बंदी. मग रोझा ती अक्षरं लपवू लागले. आम्ही भिंग घेऊन बसतो. कधी मिनिटात सापडतात, कधी दोन दिवस भांडण चालतं.

त्यांच्यातला अभियंताही गप्प बसत नाही. २००१ च्या एका कथेत स्क्रूजच्या तिजोरीघराचे नकाशेच चोरांच्या हाती लागतात, आणि मजले, जिने सगळं रीतसर आखलेलं.

पण आमचा जीव अडकलाय तो 'लाइफ अँड टाइम्स ऑफ स्क्रूज मॅकडक' या बारा प्रकरणांच्या चरित्रात. पहिल्या प्रकरणात ग्लासगोच्या रस्त्यावर पोरगा स्क्रूज चिखलाने माखलेले बूट जीव तोडून साफ करतो आणि मजुरी म्हणून हातात पडतं अमेरिकन नाणं, जे स्कॉटलंडात चालतच नाही! नाण्यावर वर्ष १८७५. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला आजोबांचा चांदीचा रुपया ताटात ठेवतात ना, तसं तो ते जन्मभर जपतो. २०२४ मध्ये मार्व्हलने स्क्रूजची नवी कथा काढली, तिच्या नावातसुद्धा हेच नाणं आहे.

आता अकरावं प्रकरण. आफ्रिकेत एका गावाचा मुखिया जमीन विकत नाही, म्हणून स्क्रूज गुंड आणून ते गाव उद्ध्वस्त करतो. बहिणी त्याला सोडून जातात. पुढे काही वर्षांनी लहानगा डोनाल्ड मामाच्या ढुंगणावर लाथ घालतो आणि सगळं घर त्याच्याकडे पाठ फिरवतं. त्याच प्रकरणात तो जगातला सर्वांत श्रीमंत बदक होतो. घर रिकामं, तिजोरी भरलेली.

२०२३ मध्ये रोझांनी वाचकांना कळवलं, की हे प्रकरण आणि आणखी एक कथा डिस्ने यापुढे छापू देणार नाही. कारण दोन्हींत असलेला बॉम्बी नावाचा जादूटोण्याने चालता केलेला मुडदा. मूळचा तो बार्क्सच्या १९४९ च्या कथेतला. खोटं कशाला बोला, आफ्रिकी माणसाचं ते चित्र आज पाहताना आम्हालाही खटकतं. पुतणीने पुस्तक उघडून "हा असा का काढलाय?" विचारलं तेव्हा आमच्यात धाकटा खोकला आणि थोरला चहा आणायला गेला.

तरीही ते पान काढू नये असंच आम्हाला वाटतं. बाराव्या प्रकरणात १९४७ च्या नाताळात म्हातारा भाच्याशी आणि त्याच्या तीन भाच्यांशी पहिल्यांदा बोलतो. तो इतकी वर्षं एकटा का, हे अकरावं वाचल्याशिवाय कसं कळणार? नायकाने केलेलं वाईट काम लेखकाने झाकलं नाही, ते नेमकं याच प्रकरणात. खटकणाऱ्या चित्राबद्दल पुढे चार ओळी छापल्या असत्या तरी चाललं असतं. पुतणीला शेवटी आम्ही तेच सांगितलं, तोंडी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बहिणी परत येतात का?"

आमच्याकडची प्रत जुनी आहे, बाराही प्रकरणं शाबूत. विसर्जनानंतर ती मंडळाच्या वाचनालयातल्या काचेच्या कपाटात ठेवतोय. भिंग सोबत आहे. अक्षरं कुठे सापडली ते मात्र पेन्सिलीने खूण करून ठेवू नका, पुढच्याची मजा जाते.