यंत्र थांबवण्याचा अधिकार

(कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



नवे यंत्र येणार म्हटले की कामगाराच्या मनात पहिला विचार कपातीचा येतो. ही भीती अनाठायी नाही. 1928 साली मुंबईतील दीड लाखांच्या घरातील गिरणी कामगारांनी पाच महिन्यांहून अधिक काळ संप केला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. दोन माग चालवणाऱ्याने तीन चालवावेत, यालाच मालक ‘रॅशनलायझेशन’ म्हणत होते. परंतु यंत्र हवे की नको, एवढाच प्रश्न विचारून आपले भागणार नाही. ते कोणत्या करारावर येते, हेही विचारले पाहिजे.

त्याच दशकात, 1924 साली, जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग सिद्ध केला. हेतू अर्थातच एका विणकराने अनेक माग सांभाळावेत हा होता. त्यात परोपकार नव्हता. पण दोष दिसताच काम थांबवावे, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात माणसालाही लागू झाले. कामगाराने डोक्यावरची दोरी ओढली की गटप्रमुख मदतीला धावतो आणि अडचण वेळेत सुटली नाही तर सारी साखळी थांबते.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे याची कसोटी लागली. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना 1982 साली बंद पडला. कामगार बेशिस्त, संघटना भांडखोर, अशी त्याची ख्याती होती. 1984 साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच, संघटनाही तीच. करारात मात्र नवे कलम होते: कपातीपूर्वी वरिष्ठांचे पगार कमी करावे लागतील आणि बाहेर दिलेले काम आत आणावे लागेल. काही वर्षांनी मागणी घसरली तेव्हा कंपनीने कामगारांना काढले नाही, प्रशिक्षणाला बसवले. गैरहजेरी झपाट्याने घटली आणि मालाचा दर्जा कंपनीच्या इतर कारखान्यांना लाजवील असा झाला. याच काळात जनरल मोटर्स अन्यत्र यंत्रमानवांवर अब्जावधी डॉलर ओतत होती. त्या प्रमाणात फळ तिच्या पदरी पडले नाही. दोरी दुसऱ्या कारखान्यांतही टांगता येते हो, पण ती ओढणाऱ्याला मुकादमाचा धाक असेल तर ती नुसती लोंबकळत राहते.

या प्रयोगाचे पोवाडे गाण्याचे मात्र कारण नाही. मिनिटातील जवळजवळ प्रत्येक सेकंद कामाने भरला जाई, आणि अमेरिकेतील कामगार चळवळीतूनच त्यावर कठोर टीका झाली. 2009 साली जनरल मोटर्स बाहेर पडली, टोयोटानेही हात काढून घेतला आणि 2010च्या एप्रिलमध्ये सुमारे 4,700 कामगारांचा तो कारखाना बंद झाला. साखळी थांबवण्याची दोरी कामगाराच्या हाती होती; कारखाना बंद करण्याचा निर्णय मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिला होता.

म्हणून आधुनिकीकरणाच्या वाटाघाटीला बसाल तेव्हा केवळ नुकसानभरपाईच्या आकड्यावर अडून बसू नका. यंत्राची निवड होण्यापूर्वी त्याची माहिती मागा. ते चालवण्याचे प्रशिक्षण आजच्याच कामगाराला, पगारी वेळेत मिळावे असे लिहून घ्या. कंत्राटी कामगारालाही त्यात धरा, कारण कपातीचा पहिला घाव त्याच्यावरच पडतो. आणि धोका किंवा दोष दिसल्यास यंत्र थांबवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे कलम घातल्याशिवाय सही करू नका.