जुन्या वास्तू आणि जुन्या वस्तू : पुण्यातील एका रविवारची सहल

सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह कोठे जावे, असा प्रश्न पडला म्हणजे शहरात राहणाऱ्या माणसाची दृष्टी सामान्यतः गावाबाहेर वळते. सिंहगडाची चढण, खडकवासल्याचे पाणी, नाही तर लोणावळ्याची थंड हवा डोळ्यांपुढे येते. ही स्थळे उत्तमच आहेत. परंतु ज्याला दूर जावयाचे नाही, घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर घ्यावयाचे आहे आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी परतावयाचे आहे, त्याच्यासाठी पुण्याच्या पेठांतच एका दिवसाची सहल तयार आहे. जुन्या वास्तू पाहाव्यात, जुन्या वस्तूंचा बाजार पाहावा, आणि दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे हे वाटेत बोलत बोलत समजून घ्यावे, एवढाच तिचा बेत.

या सहलीला आज थोडी निकडही आहे. पेठांतील जुने वाडे एकामागून एक उतरविले जात असून त्यांच्या जागी अनेक मजली इमारती उभ्या राहत आहेत. यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. कुजलेल्या तुळया, गळकी छपरे आणि वाटण्यांनी लहान झालेल्या खोल्या यांत किती दिवस काढावयाचे, हा राहणाऱ्यांचा प्रश्न खराच आहे. परंतु वाडा उतरविण्यापूर्वी माळा रिकामा करावा लागतो. तीन-चार पिढ्यांनी वर टाकलेले सामान खाली येते. नव्या घरात त्याला जागा नसते. मग एखाद्या दुपारी तागडी येते, तांबे तांब्याच्या भावाने व पितळ पितळेच्या भावाने मोजले जाते, आणि तासाभरात सारे निघून जाते. काय द्यावे आणि काय ठेवावे, हे त्या तासाभरात सुचत नाही. ती दृष्टी आधीच आलेली असावी लागते.

सहलीचा आरंभ कसब्यातून करावा. येथील लाल महाल मुलांना ठाऊक असतो तो शायिस्तेखानावरील १६६३ च्या छाप्यामुळे. परंतु मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी की, समोर दिसणारी इमारत त्या काळची नव्हे. मूळ वाडा केव्हाच नाहीसा झाला. आजची वास्तू त्याच्या जागेच्या काही भागावर पुणे महापालिकेने १९८० नंतरच्या दशकात उभारली. हे कळल्याने मुलांचा हिरमोड होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट, दगडाचा दगडावर ठाव नसताना एका रात्रीची हकीकत लोकांनी साडेतीनशे वर्षे जतन केली आणि त्या हकीकतीने पुन्हा घर उभे करविले, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तेथून चार पावलांवर शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावाने १७३० च्या जानेवारीत त्याचा पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आणल्याचे सांगतात. खर्च १६,११० रुपये आला. येथे नेमके उलट घडले आहे. १८२८ च्या आगीत लाकडी दिवाणखाने, महाल, मजले जळून गेले. उरला तो दगडी तट, पाच दरवाजे, जोती आणि कारंजी. दिल्ली दरवाजापुढे उभे राहिले म्हणजे वाड्याचे सामर्थ्य कळते. परंतु आत शिरल्यावर दिसतात ती केवळ जोती. कोठे स्वयंपाक होई, कोठे कारकून बसत, दिवे कोण लावी, हे जोते पाहून उमगत नाही. लाल महालात हकीकत राहिली आणि वास्तू गेली. शनिवारवाड्यात वास्तूचा पाया राहिला आणि त्यावरचा संसार गेला.

कसब्यातच तांबट आळी आहे. पेशवाईपासून येथे तांब्यापितळेची भांडी घडविली जात आली. आता हातोडीचा आवाज थोड्याच घरांतून ऐकू येतो, पण येतो. तांब्याच्या भांड्यावर जे बारीक ठोक्यांचे चांदणे दिसते, त्याला मठारकाम म्हणतात. ती केवळ शोभा नव्हे. ठोकल्याने तांब्याचा पत्रा कठीण होतो, भांडे पोचत नाही, आणि ठोक्यांचा सारखेपणा हीच कारागिराच्या हाताची परीक्षा असते. घरातील मोठ्या माणसांनी येथे मुलांना कल्हईचीही गोष्ट सांगावी. आंबट पदार्थ तांब्यापितळेत कळकतो, म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ लेप द्यावा लागे. कल्हईवाल्याची आरोळी आली की घरातील भांडी अंगणात येत. माळ्यावरचा बंब किंवा पातेले या आळीत पाहिलेल्या हातोडीशी जोडले गेले, म्हणजे त्याचे वजन केवळ किलोंत उरत नाही.

यानंतर मंगळवार पेठेच्या बाजूस जुन्या बाजाराकडे वळावे. या बाजाराचे बुधवार आणि रविवार हे वार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. मोडकी हत्यारे, घड्याळांचे सुटे भाग, कुलपे, नाणी, कंदील, छायाचित्रांच्या चौकटी, देवघरातील उपकरणी, सारे जमिनीवर शेजारी शेजारी मांडलेले असते. येथे घरातील आजी ही खरी मार्गदर्शक. नातवंडांना जे ओळखता येत नाही, ते तिच्या हाताला ओळखीचे असते. तो अडकित्ता, ही पाय घासावयाची वज्री, हा सोऱ्या. धातूचा एखादा लहानसा गोल डबा टेबलावर पेन्सिली ठेवावयास उत्तम म्हणून विकावयास मांडलेला असावा, आणि आजीने तो हातात घेऊन म्हणावे, ‘अरे, हे तर मापटे!’ मग एक हिशेब उलगडतो, जो आता कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत : दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजनेमापे आली आणि ही भाषा हळूहळू व्यवहारातून गेली. परंतु नवी सून उंबरठ्यावर ओलांडते ते धान्याने भरलेले माप याच कुळातले. विधी चालू आहे. वस्तूचे नाव मात्र विसरले गेले.

याच बाजारात मन थोडे अस्वस्थ करणारी एक गोष्ट दृष्टीस पडते. पूर्वी भांड्यावर नाव घालण्याची पद्धत होती. लग्नाकार्यात, मुंजीत आहेर म्हणून दिलेल्या ताटवाटीवर देणाऱ्याचे वा घेणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी सालही ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असे. बाजारातील तांब्या-ताटांवर ती नावे तशीच असतात. कोणाच्या तरी पणजीचे नाव कोणी अनोळखी माणूस घासाघीस करून विकत घेतो, आणि ते नाव कोणाचे हे देणाऱ्याला ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही नसते. वस्तू टिकली, पण तिची हकीकत घराच्या दारातच तुटली. जुन्या वस्तूंच्या बाबतीत नेहमी असेच घडते. धातूला गंज चढण्यास, लाकडाला वाळवी लागण्यास बरीच वर्षे लागतात. हकीकत मात्र एका माणसाबरोबर एका दिवसात जाते.

विकत घेण्याचा मोह झाला तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, काळपटपणा हे जुनेपणाचे प्रमाण नव्हे; नव्या धातूलाही तो आणता येतो. झीज पाहावी, आणि ती वापराच्या जागी आहे की नाही हे पाहावे. अडकित्त्याची मूठ आणि सांधा झिजलेला असावा, वज्रीचा खडबडीत तळ गुळगुळीत झालेला असावा. जेथे हात लागावयाचा नाही तेथे झीज आणि जेथे लागावयाचा तेथे कोरेपणा, असे असेल तर जपून राहावे. दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, हे पुरावशेष ठरतात. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या यांसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि खाजगी व्यक्तीस पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या मुलासाठी जुनी मूर्ती भेट म्हणून न्यावी, असे मनात येणाऱ्यांनी हे जरूर जाणून घ्यावे.

दुपारच्या विसाव्यानंतर विश्रामबागवाडा पाहावा. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ साली बांधविला. सुरूच्या झाडाच्या आकाराचे त्याचे कोरीव लाकडी खांब पाहिले, म्हणजे शनिवारवाड्याच्या जोत्यांवर काय असेल याची कल्पना येते. पेशवाई गेल्यावर हा वाडा ओस पडला नाही. १८२१ साली येथे संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे १८७९ च्या आगीत वाड्याचे बरेच नुकसान झाले, तो पुन्हा दुरुस्त झाला, आणि नंतर नगरपालिकेचा कारभारही येथून चालला. वास्तू टिकण्याचे रहस्य यात आहे. जिच्यात माणसांचा वावर राहतो, तिचे गळके कौल कोणी तरी बदलतो. वस्तूंचेही तसेच. रोज पेटणारी समई गंजत नाही.

परंतु सर्वच वस्तू वापरात राहू शकत नाहीत. त्यांचे काय करावे, याचे उत्तर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात मिळते. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि पत्नी कमलाबाई यांच्या साहाय्याने तो उद्योग जन्मभर चालविला. त्यांनी राजेरजवाड्यांच्या संपत्तीपेक्षा घरगुती वापराच्या वस्तूंवर अधिक प्रेम केले. दिवे, अडकित्ते, वज्र्या, स्वयंपाकघरातील उपकरणी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा सुमारे वीस हजार वस्तू त्यांनी मिळविल्या, आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या पुत्राच्या नावाने हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सकाळी बाजारात जमिनीवर पाहिलेला अडकित्ता येथे संध्याकाळी काचेआड दिसतो. धातू तोच, घडणही पुष्कळदा तशीच. फरक इतकाच की, येथे तिच्यापाशी एक ओळ लिहिलेली आहे. कोणी तरी विचारले, कोणी तरी लिहून ठेवले.

ती ओळ लिहिण्यास संग्रहालय लागत नाही. सहलीहून परतल्यावर घरातील मुलांनी एक साधी वही करावी. माळ्यावरची वस्तू खाली घ्यावी आणि आजीआजोबांना पाच प्रश्न विचारावेत : हिचे नाव काय, ही कशासाठी वापरीत, कोणाची होती, घरात कशी आली, आणि वापर केव्हा थांबला. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत. जमल्यास शेजारी छायाचित्र चिकटवावे. एवढे झाल्यावर काय ठेवावे आणि काय द्यावे, याचा निर्णय सोपा होतो. सारेच ठेवणे कोणालाच शक्य नाही, आणि तसा हट्टही नसावा. बंब दिला तरी चालेल, त्याची हकीकत वहीत राहील. ठेवलेल्या मापट्यात नातवाने पेन्सिली ठेवल्या तरी काही बिघडत नाही. ते मापटे आहे, दोन मिळून एक शेर होतो, आणि त्याने पणजी घरातले धान्य मोजीत असे, इतके त्याला सांगता आले म्हणजे पुरे.