नेहमी आणि कधीतरी

तर्कशास्त्र म्हटले की पुष्कळांना तो पंडितांचा रिकामा उद्योग वाटतो. पण याच शास्त्राची एक शाखा आज यंत्रांतले जिवावर बेतणारे दोष शोधण्याच्या कामी येते. ती कशी, ते पाहू या.

रेल्वेचे फाटक तुम्ही पाहिलेच आहे. समजा, ते उघडण्या-मिटण्याचे काम संगणकावर सोपवले. त्याला आपण काय सांगू? गाडी जात असताना फाटक नेहमी बंदच असले पाहिजे. एवढ्याने भागेल? छे! फाटक कायमचे बंद ठेवले तरी ही अट पाळली जाते, आणि बैलगाडीवाला मात्र जन्मभर अलीकडेच! म्हणून दुसरी अट हवी : मिटलेले फाटक कधीतरी उघडलेच पाहिजे.

'अवश्य', 'शक्य', 'नेहमी', 'कधीतरी' अशा शब्दांचे नियम सांगणाऱ्या शाखेला मोडल लॉजिक म्हणतात. अमेरिकेचे सी. आय. लुइस यांनी १९१२ साली तिची आधुनिक मांडणी सुरू केली. पुढे न्यूझीलंडचे आर्थर प्रायर यांनी तीत काळ आणला. हे सारे तत्त्वज्ञांपुरतेच होते. १९७७ साली इस्रायलचे आमिर प्नुएली यांनी दाखवून दिले, की संगणकाच्या कामाच्या अटी याच भाषेत लिहाव्यात.

तुम्ही म्हणाल, यंत्र चालवून पाहिले की झाले! ऐका तर. 'थेरॅक-२५' या किरणोपचाराच्या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे सहा रुग्णांना भयंकर जादा किरण दिले. काही दगावले. त्यातला एक दोष असा, की चालकाने आकडे भरून लगेच, सुमारे आठ सेकंदांच्या आत, दुरुस्त केले तरच तो उद्भवे. सावकाश काम करणाऱ्याला तो दिसतच नसे. चालवून पाहणे म्हणजे काही वाटा पाहणे. 'नेहमी' म्हणायचे तर सगळ्या वाटा पाहायला हव्यात.

हे काम संगणकालाच लावण्याची युक्ती १९८१ च्या सुमारास अमेरिकेत क्लार्क आणि एमर्सन यांनी, तर फ्रान्समध्ये सिफाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने काढली. गाडी दूर, जवळ किंवा फाटकात. फाटक उघडे, मिटत असलेले, बंद किंवा उघडत असलेले. तीन चोक बारा अवस्था. यांतल्या ज्या ज्या अवस्थेला यंत्र पोचू शकते, ती प्रत्येक तपासायची. अट मोडली, तर कोणत्या वाटेने मोडली तेही संगणक दाखवतो. अडचण संख्येची. चालू-बंद होणारी दहा बटणे असली तर १,०२४ अवस्था. वीस असली तर दहा लाखांहून अधिक! त्यावरही तोडगे निघाले, आणि २००७ सालचे ट्युरिंग पारितोषिक क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस या तिघांना मिळाले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. संगणक आपण विचारले तेवढेच तपासतो. दुसरी अट लिहायला आपण विसरलो, तर कायमचे बंद फाटकही तो बिनचूक ठरवील. शिक्षकबंधूंनो, उद्या वर्गात मुलांना विचारून पाहा : फाटकाला कोणकोणत्या अटी घालाल? दुसरी अट किती जणांना सुचते, ते मोजा.