टिपेतली बाई



'अमेरिकेच्या इतिहासातल्या स्त्रिया वर्गात कशा शिकवाव्यात' असा आजचा विषय जाहीर झाला आहे. 

मी बरीच वर्षं पदवीच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवला. प्रश्नपत्रिकेत शेवटी 'टिपा लिहा' असायचं, आणि बाई भेटायची ती तिथंच. क्रांती, यादवी युद्ध, महामंदी हे मोठे प्रश्न पुरुषांचे. मताधिकार चळवळीतली सुसान अँथनी पाच गुणांची. मीही टीप लिहून द्यायची : जन्म, कार्य, महत्त्व. मुलं ती पाठ करायची आणि पेपर संपला की विसरायची. त्यात त्यांचा काय दोष? जिच्या आयुष्यातला एक दिवसही आम्ही दाखवला नाही, ती लक्षात राहावी कशी?

ही चूक मला एका सुईणीनं दाखवली. मार्था बॅलर्ड तिचं नाव. आजच्या मेन राज्यातलं, केनेबेक नदीकाठचं हॅलोवेल हे तिचं गाव. पन्नाशीला टेकलेली असताना, १७८५ साली, तिनं रोजनिशी लिहायला घेतली आणि १८१२ साली मरेपर्यंत सोडली नाही. हवा कशी होती, नदी होडीतून ओलांडली की बर्फावरून, बाळंतपण कोणाकडे, मुलगा की मुलगी, मोबदला मिळाला की राहिला, मागावर काय विणलं, परसात काय पेरलं. सत्तावीस वर्षांत ८१६ बाळंतपणं.

नंतरच्या अभ्यासकांनी ही रोजनिशी चाळली आणि घरगुती किरकोळ म्हणून बाजूला ठेवली. लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी नेमकं ते किरकोळच मोजायला घेतलं. नोंदींचे तक्ते केले. त्यांच्या शेजारी गावातल्या पुरुषांच्या खातेवह्या आणि कोर्टाचे कागद ठेवले. तेव्हा दिसलं की सूत, कापड, औषधं, सुईणपण यांची एक आख्खी देवघेव बायका आपसात चालवत होत्या आणि पुरुषांच्या वह्यांत तिचा मागमूसही नव्हता. १९९० साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं.

मी वर्गात मार्थाच्या काही आठवड्यांच्या नोंदी मराठीत सांगितल्या. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पण हिनं केलं काय?" मी म्हटलं, "मोज." त्यानं फळ्यावर रकाने आखले : बाळंतपणं, आजारी माणसं, चाललेली वाट, घरचं काम. रकाने भरत गेले. शेवटी खडू ठेवून तोच म्हणाला, "मॅडम, ही झोपायची कधी?" त्या वर्षीचा माझा सर्वांत चांगला तास तो. कर्तृत्वाची व्याख्या मी सांगितली नव्हती. त्यानं ती फळ्यावर बेरीज करून काढली होती.

आता दुसरी बाई, तीही टिपांच्या यादीत नसलेली. १९२० सालचा ऑगस्ट. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला पस्तीस राज्यांची संमती मिळालेली. छत्तीसावं हवं होतं. टेनेसीच्या विधानसभेत समर्थकांच्या कोटाला पिवळा गुलाब, विरोधकांच्या कोटाला लाल. चोवीस वर्षांच्या हॅरी बर्नच्या कोटावर लाल गुलाब होता, आणि खिशात आईचं पत्र. फेब बर्न ही शेती सांभाळणारी, वर्तमानपत्रं बारकाईनं वाचणारी विधवा. तिनं सात पानी पत्रात घरच्या बातम्यांच्या अधेमधे लेकाला बजावलं होतं, की मताधिकाराच्या बाजूनं मत दे. त्यानं दिलं. एकोणपन्नास विरुद्ध सत्तेचाळीस.

ही गोष्ट मुलांना फार आवडते, आणि म्हणूनच शिक्षकानं इथं सावध राहावं. नाहीतर मुलं इतकंच घेऊन जातात, की आईनं सांगितलं आणि मतं मिळाली. एका मतानं पारडं झुकलं, कारण त्यात आधीच बहात्तर वर्षांचं वजन पडलेलं होतं. १८४८च्या जुलैत सेनेका फॉल्सच्या सभेत अडुसष्ट बायका आणि बत्तीस पुरुषांनी स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यांतली शार्लट वुडवर्ड १९२० साली हयात होती, पण आजारपणामुळे तिला मतदानाला जाता आलं नाही. १९१७ साली व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभ्या राहिलेल्या बायका तुरुंगात गेल्या. आईच्या पत्रामागे हे सगळं उभं करावं लागतं.

पुढे मी टिपांचा प्रश्नच काढून टाकला आणि एक विधान दिलं : '१९२० साली अमेरिकेतल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. तपासा.' एका मुलीच्या उत्तराची सुरुवात एकाच शब्दानं होती : 'कोणत्या?' तिनं नेमकी नस पकडली होती. मूळनिवासी स्त्रियांना सरसकट नागरिकत्वच १९२४ साली मिळालं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसमोर मतदान-कर आणि साक्षरतेच्या चाचण्या उभ्या होत्या. मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेल्या फॅनी लू हेमर यांना आपल्याला मत देता येतं हेच १९६२ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्या नाव नोंदवायला गेल्या आणि मळ्याच्या मालकानं त्यांना त्याच दिवशी घराबाहेर काढलं. हक्क कागदावरून हातात यायला १९६५चा मतदान हक्क कायदा यावा लागला. साल एकच, पण कोणाच्या दारातून पाहता त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? मराठी वाचकाला अमेरिकेतल्या बायकांची ओळख पंडिता रमाबाईंनी १८८९ सालीच करून दिली. युनायटेड स्टेट्सवरच्या पुस्तकात त्यांनी स्त्रियांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्या तिकडे गेल्या होत्या १८८६ साली, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. आणि हा धागा मार्थाशीही जुळतो : तिची रोजनिशी खापरपणती मेरी होबार्ट हिच्या हाती आली ती १८८४ साली. त्याच वर्षी मेरी डॉक्टर झाली होती आणि आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या.

आनंदीबाईंची टीप आपल्याला पाठ आहे : पहिल्या, एवढ्या वयात, अमुक पदवी. पण त्या राहिल्या कोणाकडे? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांच्याकडे. दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या त्यांनी एक मासिक चाळलं. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्नीच्या शिक्षणाविषयीचं पत्र त्यात छापलेलं होतं. ते वाचून त्यांनी या अनोळखी कुटुंबाला पत्र धाडलं, पुढे त्या मुलीला घरात घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८७ साली आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पुकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत.

कार्पेंटर मावशी कशातच 'पहिल्या' नव्हत्या. पाच गुणांच्या टिपेत त्यांना जागा नाही. पण त्यांना वगळून आनंदीबाईंची टीप लिहायला बसा, आणि मुलगी बोटीतून उतरल्यावर गेली कुठे, या पहिल्याच प्रश्नाला तुम्ही अडाल.