पाळीव सापांचा आहार आणि त्यांची वाढ



‘सापाला दूध पाजणें’ हा वाक्प्रचार कृतघ्नावर उपकार करणें या अर्थीं मराठींत रूढ आहे. परंतु त्यांत खरा अन्याय झाला आहे तो सापावर. साप हा सर्वस्वी मांसाहारी प्राणी. दूध पचविण्याची शक्ति त्याच्या अंगीं नाहीं. नागपंचमीपूर्वीं गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावांचून ठेवी. मग तहानेनें व्याकुळ झालेला तो जीव समोर येईल तें दूध पिई आणि पुष्कळदां त्यामुळेंच आजारी पडून मरे.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें नाग, अजगर, धामण इत्यादि देशी साप घरीं बाळगण्यास मनाई आहे. अमेरिका व इंग्लंड या देशांत मात्र कॉर्न स्नेक आणि मूळचा आफ्रिकेंतला बॉल पायथन हे बिनविषारी साप अनेक कुटुंबांतून पाळले जातात. गोठवून ठेवलेला उंदीर कोमट करून चिमट्यानें त्यांच्या पुढें धरतात. अन्न योग्य असतें. चूक होते ती प्रमाणांत.

माणसाच्या अन्नाचा मोठा वाटा अंग उबदार राखण्यांत खर्च होतो. सापाला ऊब बाहेरून मिळते. त्यामुळें त्याला अन्न थोडें पुरतें व जें मिळतें त्यांतला बराच भाग वाढीकडे जातो. मात्र बाहेरची ऊब अपुरी पडली, तर गिळलेलें भक्ष्य न पचतां साप तें ओकून टाकतो. पचन हें त्याच्या शरीराला केवढें काम आहे, हें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें दाखविलें. ब्रह्मदेशी अजगरानें मोठें भक्ष्य गिळल्यावर ४८ तासांच्या आंत त्याच्या हृदयाचा मुख्य स्नायु सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतो आणि पचन आटोपल्यावर पूर्ववत् होतो. अशा श्रमानंतर विसांवा हवाच.

खाण्याच्या संवयीनें सापाची घडणही बदलते. पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळील कार्नॅक बेटावरील टायगर स्नेक या विषारी जातीच्या पिलांना मोठे उंदीर दिले, तेव्हां लहान उंदरांवर वाढलेल्या पिलांपेक्षां त्यांचे जबडे अधिक वाढले, असें २००४ सालीं आढळून आलें. उलट, अमेरिकेंतील एका शास्त्रज्ञानें कांहीं सापांना सुमारें साडेपांच महिने उपाशी ठेविलें, तेव्हां त्यांचें वजन घटलें. पण लांबी वाढतच राहिली. हे निष्कर्ष २००७ सालीं पुढें आले. उपवास हा सापाच्या जीवनक्रमाचाच भाग आहे.

हें ठाऊक नसल्यामुळें पाळणारा घाबरतो. प्रौढ बॉल पायथन थंडीच्या दिवसांत कित्येक आठवडे भक्ष्याकडे पाहतही नाहीं. वजन टिकून असेल, तर त्यांत चिंतेचें कारण नसतें. दुसरा कोणी साप लवकर मोठा दिसावा या हौसेनें दर तीन-चार दिवसांनीं उंदीर देत सुटतो. साप झपाट्यानें वाढतो, शेजारी कौतुक करतात. परंतु आंत चरबीचे थर सांचतात, यकृत बिघडतें आणि आयुष्य घटतें.

जाणते लोक साधा नियम पाळतात. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढें असावें. कॉर्न स्नेकच्या पिलाला पांच ते सात दिवसांनीं व प्रौढाला दहा ते चौदा दिवसांनीं एकदां तें द्यावें. त्यानंतर दोन दिवस त्याला हाताळूं नये. स्वच्छ पाणी सदैव असावें आणि दरमहा वजनाची नोंद ठेवावी.

साप भूक लागली म्हणून ओरडत नाहीं, पोट भरलें म्हणून सांगत नाहीं. समोर आलेलें तो बहुधा गिळतो, कारण रानांत पुढचें भक्ष्य केव्हां मिळेल याची शाश्वति नसते. म्हणून त्याचें पोट ओळखण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. ‘अति तेथें माती’ ही आपली जुनी म्हण त्यानें टोपलीच्या झांकणावर लिहून ठेवावी.